विहीर, एक, पक्की: आढळली नाही

२१ फेब्रुवारी १९४९, सोमवार
धाराशिव

आज मी सरकारी नोकर झाले. हंगामी, पण सरकारी. नेमणुकीच्या कागदावर ‘कु. शिवगंगा धोंडप्पा, बी. ए.’ असं लिहिलंय आणि त्यातलं ‘बी. ए.’ मी दिवसभर येता-जाता वाचत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नाही. अप्पांचं अणदूरला धान्याचं दुकान आहे. ते सही झोकात करतात, पण त्यांचं लिहिणं सहीपाशीच संपतं.

काम असं: गेल्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि त्याच्या फौजेची ठाणी गावोगाव रिकामी पडली. बराकी, तबेले, कोठ्या, विहिरी. ती सगळी मिळकत जागेवर जाऊन मोजायची, प्रत्येक इमारतीवर चुन्यानं क्रमांक घालायचा, आणि जुन्या यादीशी ताडून नवी यादी करायची. माझ्या वाट्याला दगडवाडीचं ठाणं आलं आहे. ते आमच्या अणदूरपासून जवळ, म्हणून मी घरी राहूनच काम करायचं.

जुनी यादी उर्दूत आहे. मी सोलापुरात शिकले, मला उर्दू येत नाही. कचेरीतले ज्येष्ठ कारकून नारायणराव यांनी वाचून दाखवली. दोन बराकी, तबेला, दाण्याची कोठी, चौकी, नालबंदाची खोली, कवायतीचं मैदान. शेवटी, “बावडी, एक, पक्की.” बावडी म्हणजे विहीर.

नियम मला फार आवडला. जिथं इमारती शाबूत आहेत आणि बारमाही पाणी आहे, ते ठाणं शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी गावाला देता येईल. जिथं पाणी नाही, ते पाडून दगड-लाकडाचा लिलाव. मी मनातल्या मनात मोठ्या बराकीत मुलींची शाळा भरवूनही टाकली. पण त्या कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे. नारायणराव म्हणाले, “गावकऱ्यांपाशी अक्षर काढायचं नाही.” मी नाही काढणार. फीत, चुन्याची बादली आणि कुंचला मिळाल्याची पावती घेतली, तिच्यावरही ‘गोपनीय’ होतं.

लोक म्हणतात, कागदानं काय होतं. मी अणदूरची आहे. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो, तोसुद्धा दोन्ही गावांचे मानकरी बसून करार लिहितात तेव्हाच हलतो. देवाला कागद लागतो, तर देशाला का नको?

२३ फेब्रुवारी, बुधवार
अणदूर

दगडवाडी पाहिली. अप्पा स्वतः गाडी हाकत आले. “सरकार पोरीला एकटी धाडत आसंल, मी न्हाय धाडत,” म्हणाले.

ठाण्याच्या वेशीवरच सिद्रामप्पा पाटील उभे होते. साठीचे, पांढरा फेटा, बोलणं सावकाश.

“या अक्का. मोजायला आलात म्हणं.”

“मोजायला आणि नोंदवायला.”

“तेच ते,” पाटील म्हणाले.

नालबंदाच्या खोलीत बानूबाई राहतात. नवरा ठाण्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. घोड्याच्याच लाथेनं तीन वर्षांपूर्वी गेला. फौज निघून गेली तेव्हा कुणीतरी जाता जाता किल्ल्यांचा जुडगा यांच्या हातात दिला, तो त्या अजून कमरेला लावून हिंडतात.

मी विचारलं, “या कशाच्या किल्ल्या?”

“दारां के.”

“पण दारं कुठं आहेत?” खरंच, सगळ्या ठाण्यात एका बानूबाईंच्या खोलीला सोडून कुठंही दार नाही. नुसत्या चौकटी.

“दारां नै, बेटी. किल्ल्या हैत. किल्ल्या लिही तू.”

मी किल्ल्या लिहिल्या. मग बावडी विचारली.

पाटलांनी आभाळाकडं पाहिलं. “बावडी? हितं?”

“यादीत आहे.”

“यादीत आसंल. यादीत तर आमच्या गावात तारहाफिस बी हुतं.”

“मग पाणी कुठून आणता?”

“वड्यावरनं.”

“ओढा येताना पाहिला मी. नुसती वाळू आहे.”

“वर वाळू दिसती. आतनं वाहतो.”

बानूबाईंनी तांब्या भरून दिला. इतकं गार, इतकं गोड पाणी मी सोलापुरातही प्याले नाही. ओढ्याला मानलं पाहिजे. अप्पांनी दोन तांबे रिचवले, मिशा पुसल्या, पाटलांकडं पाहिलं, मग दोघंही बराच वेळ बैलांकडं पाहत राहिले. अप्पांना ऊन लागलं असावं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही बराकी मोजून क्रमांक घातले. भिंती भक्कम आहेत. मोठ्या बराकीत उजेडही भरपूर, फळा पूर्वेच्या भिंतीला लावावा लागेल.

बानूबाईंच्या खोलीच्या मागच्या भिंतीला चिकटून कडब्याची भलीमोठी गंज रचलेली आहे, थेट कवायतीच्या मैदानात. पाटलांना विचारलं, इथं का?

“हितं वारा चांगलाय.”

“वाऱ्यानं उडेल ना कडबा?”

पाटलांनी थोडा विचार केला. “थोडा उडालेला बराच आस्तो,” म्हणाले. शेतीचं मला कळत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

त्या गंजीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. काय गारवा! मी पाठ टेकली तसे कडब्यातून पारवे भुर्रकन उडाले. पारवे कडब्यात घरटी करतात हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकाबाहेर केवढं जग आहे!

एक नुकसान झालं. कुंचला वाळावा म्हणून दांडा गंजीत खोचून ठेवला, तो हळूहळू आत सरकला आणि दिसेनासा झाला. जरा वेळानं खालून ‘डुबुक’ असा आवाज आला. बेडूक असावा. म्हणजे ओढा आतून वाहतो हे पाटलांचं म्हणणं खरं दिसतं.

कुंचला सरकारी आहे. कळवावं लागेल.

२६ फेब्रुवारी, शनिवार. महाशिवरात्र

उपास. अव्वानं आईच्या हक्कानं सकाळपासून मला दोन गोष्टी सांगितल्या: उन्हात जाऊ नको, आणि उमरग्याचं स्थळ आलंय. मुलगा वकिलाच्या हाताखाली आहे. पाडवा झाला की बघायला येतील. बघणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चालून दाखव, नाव सांग, वाचून दाखव. ते बघणार, मनात नोंद करणार, घरी जाऊन निरोप धाडणार. आपण मान वर करायची नाही. उपासाच्या दिवशी भांडू नये असं ठरवलं आहे.

अप्पांनी मात्र वेगळंच विचारलं. “ती गंज मोजलीस का गं?”

“गंज ही इमारत नाही, अप्पा.”

“मग ऱ्हाऊ दे. मोजूच नको.” आणि समाधानानं पूजेला बसले.

१ मार्च, मंगळवार

आज दोन शोध लागले. एक आनंदाचा, एक काळजीचा.

आनंदाचा आधी. सकाळी ठाण्यावर पोचले तेव्हा बानूबाईंच्या खोलीच्या मागून ‘कुंई-कुंई, कुंई-कुंई’ असा फिरत्या लाकडाचा आवाज येत होता. मी विचारलं, हे काय? बानूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “चरखा है बेटी.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही कॉलेजात चरखा-मंडळ काढलं तर चार मुली यायच्या, त्यातल्या दोघी माझ्या भिडेखातर. आणि इथं, ज्या ठाण्यात कालपरवापर्यंत निजामाचे घोडे होते, तिथं ही एकटी बाई पहाटेपासून सूत काततेय. मी म्हटलं, बघू दे. तर म्हणाल्या, आत पसारा आहे. केवढा संकोच! धाराशिवहून कातायला कापसाचे पेळू आणून द्यायचं कबूल केलं. त्यांचा चेहरा पडल्यासारखा झाला. एवढ्या मायेची सवय नसेल.

आता काळजीचा. गावातल्या बायका रोज सकाळी घागरी घेऊन बानूबाईंच्या खोलीत जातात. बानूबाई म्हणतात, लेकरांना नजर लागते, म्हणून पाण्यावर फुंकर मारून न्यायला येतात. रोज? इतक्या लेकरांना? आणि एकेकीच्या दोन-दोन घागरी? येताना झपझप येतात, जाताना कमरेत वाकून जातात. अंधश्रद्धेनं माणसाची चालच बदलते. व्याख्यान द्यायला हवं.

विहिरीचा तपास चालूच. आज ज्या ज्या माणसाला विचारलं त्यानं आधी पाटलांकडं पाहिलं आणि मग “न्हाय बा” म्हटलं. एका म्हाताऱ्यानं तर मी विचारायच्या आधीच म्हटलं.

५ मार्च, शनिवार
धाराशिव

कच्ची यादी दाखल केली. शेवटच्या ओळीत लिहावं लागलं: ‘विहीर, एक, पक्की: आढळली नाही.’

नारायणरावांनी आधी कुंचल्याचं स्पष्टीकरण लिहून घेतलं. ‘कडब्यात गेला’ हे कारण त्यांना पटलं नाही. “कडबा काय कुंचला खातो?” मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, कुंचल्याचं जाऊ द्या. विहीर नाही म्हणजे ठाणं गेलं.” सोळा तारखेला लष्कराचे कॅप्टनसाहेब येऊन पाहणार आहेत. सोबत दगडाचा ठेकेदारही येणार. पाणी नाही असं ठरलं की दुसऱ्या दिवसापासून पाडकाम.

म्हणजे मोठी बराक जाईल. पूर्वेची भिंत जाईल. बानूबाईंची खोलीसुद्धा जाईल, ती यादीत सहाव्या क्रमांकावर आहे. तो सहा मीच काढला, चांगला टपोरा. त्या दिवशी बानूबाई म्हणाल्या होत्या, आकडा किती सुंदर काढलास.

माझ्या हातून मोजदाद होतेय की मोडतोड?

८ मार्च, मंगळवार

पेळू नेऊन दिले. बानूबाईंनीही आपलं सूत दिलं. ते करंगळीएवढं जाड आहे, तीन पदरी पिळलेलं आणि ओलं. मी म्हटलं, छान आहे, अजून बारीक काढता येईल. त्या म्हणाल्या, “बारीक निकलता था बेटी, मगर फिर वजन नै झेलता.” सुताला कसलं वजन झेलायचं असतं, ते विचारायचं राहून गेलं.

अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. वीसेक बायका कमरेवर घागरी घेऊन उभ्या होत्या. मी पाणी, जंतू, विज्ञान असं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. शेवटी एक म्हणाली, “समदं पटलं बघा अक्का. आता आत जाऊ का? लेकरं तान्हेली हैत.”

११ मार्च, शुक्रवार

आज मी सरकारी गुपित फोडलं. ते आधी लिहिते, म्हणजे पळवाट राहणार नाही.

दोन रात्री विचार केला. गोपनीय म्हणजे लोकांच्या हिताचं गुपित, की लोकांपासून लपवलेलं त्यांचंच हित? कुंचल्याच्या पावतीवर तोच शिक्का असलेला पाहिला आणि माझी भीती गेली. पाटलांना चावडीवर गाठलं आणि सगळा नियम सांगून टाकला. पाणी असेल तर ठाणं गावाला. नसेल तर पाडणार. कॅप्टन बुधवारी येणार.

पाटलांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, “अक्का, एक विचारू? समजा हां, नुसतं समजा. विहीर घावली, तर कागदावर कुणाची लिवनार?”

“सरकारची. मग सरकार ती गावाला देईल.”

“मंग न्हाय घावनार.”

“पण का?”

“ती बावडी आमच्या आज्यानं खांदली,” पाटील म्हणाले. “समद्या गावानं पाट्या वाहिल्या. ठाणं मागनं आलं. असाच एक कारकून आला, फीत घिऊन. लई गोड बोलायचा. मोजली, आकडा घातला, कागुद केला, कागदावर सही केली. कुणी? त्यानंच. म्हैन्याभरात भवती भित्ताड आलं. मग आमच्या बायका आमच्याच बावडीवर चौकीदाराच्या हातापाया पडून पाणी भरायच्या. तीस वर्सं. मोजलं की गेलं, अक्का. आमाला काय, चिंच मोजली तरी धडकी भरती.”

मी म्हटलं, “पण ती विहीर आता कुठंय तेच सापडत नाही ना!”

पाटलांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आमचे प्राध्यापक मागच्या बाकाकडं बघायचे ते आठवलं. “व्हय,” म्हणाले, “तेच तर.”

परतताना गाडीत बसले. वेशीपाशी आलो आणि पारवे आठवले. पारवे कडब्यात राहत नाहीत. पारवे विहिरीत राहतात. मग बेडूक आठवला. मग घागरी. मग ते ओलं सूत, करंगळीएवढं, वजन झेलणारं.

“अप्पा, गाडी थांबवा.”

“का गं?”

“त्या गंजीखाली काय आहे?”

अप्पा बैलांना म्हणाले, “चल रं राजा.”

“अप्पा! कडबा कुणाचा आहे तो?”

अप्पांनी कासरा उगाच एकदा ओढला, एकदा सैल सोडला. मग हळूच, “माजाच हाय. काम झालं की परत देनार हैत.”

१२ मार्च, शनिवार

राग आला आहे. आधी सगळ्यांचा, मग माझा. मी त्या बायकांना पाण्याचं विज्ञान सांगत होते आणि त्या भरल्या विहिरीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या! एकीनंही हसू फुटू दिलं नाही. याला सौजन्य म्हणावं की काय म्हणावं?

आता काय करू? सोमवारी पंचनामा करून गंज उचलायला लावली तर विहीर सापडेल. ठाणं वाचेल. पण यादी मी लिहिणार, सही मी करणार, आणि तीस वर्षांपूर्वीचा तो गोड बोलणारा कारकून म्हणजे आता मी. नाही उचलायला लावली तर ठाणंच जाईल, आणि दगडांच्या ढिगाऱ्यात विहीरही. खोली सरकारची, तेव्हा दोन्हीकडून बानूबाई उघड्यावर.

अव्वा म्हणाली, “जेव तरी.” जेवले.

१३ मार्च, रविवार

देवळात गेले होते. खंडोबा नळदुर्गहून परत येऊन आपल्या जागी बसलाय. लहानपणापासून पाहतेय, देव न्यायला येतात ती मोठमोठी माणसं, हातघाईवर येतील इतकी चढाओढ, पण करारावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या की सगळी निवांत. देव दुसऱ्या गावाला गेला तरी अणदूरकरांना झोप लागते. तो परत येणार हे त्यांनी स्वतः सही करून घेतलेलं असतं.

आणि माझी यादी? तिच्यावर एकच सही.

घरी येऊन करार लिहिला. धडधडीत मराठीत, देवाच्या करारासारखा. विहीर गावानं खोदली, ठाण्यानं बांधून काढली, हे दोघांना मान्य. विहीर कायम गावाकडं राहील. बराकी शाळेसाठी गाव राखील. लष्कराची तुकडी वाटेनं आली तर माणसा-जनावरांना पाण्याला आडकाठी नाही. किल्ल्या आणि क्रमांक सहाची खोली बानूबाईंकडं.

संध्याकाळी चावडीवर वाचून दाखवला. पाटलांनी पुन्हा वाचायला लावला, मग आणखी एकदा.

“खाली दोन सह्या?”

“दोन.”

“सरकारची कोन करनार, तुमी?”

“माझी पुरत नाही. कॅप्टनसाहेब करतील.”

“आन् त्यांनी न्हाय केली तर?”

“तर मी विहीर पाहिलेली नाही,” मी म्हटलं. कान तापले. पण हे खोटं नाही. मी अजून फक्त कडबाच पाहिला आहे.

१६ मार्च, बुधवार

आजच लिहायला हवं.

कॅप्टन नंबियार दहाच्या सुमारास जीपनं आले. मलबारचे आहेत, उंच, घामाघूम, हिंदी तुटकं. माझ्याशी इंग्रजीत बोलले. मागच्या मोटारीत ठेकेदार आणि त्याची पहारी घेतलेली माणसं. ठेकेदारानं उतरताच बराकीच्या भिंतीवर हात फिरवला, गाय विकत घेताना फिरवतात तसा.

“यादी चोख आहे,” कॅप्टन म्हणाले. “पण पाणी नाही.”

मी करार पुढं केला आणि इंग्रजीत समजावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. “विहीर कुठंय?”

मी पाटलांना विचारलं. पाटील म्हणाले, “आधी सही.”

मी कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, “न पाहिलेल्या विहिरीवर सही कशी करू? आधी विहीर.”

मी पाटलांना सांगितलं. “सही बघितल्याबिगर विहीर कशी दावू?”

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. ऊन वाढत होतं. ठेकेदाराची माणसं तबेल्याच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. एकानं पहार दगडाच्या फटीत घातली, नुसतीच, बघायला.

तेवढ्यात बानूबाई तांब्या घेऊन पुढं आल्या. कॅप्टननी तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

“बहुत अच्छा! ये कहाँ का पानी है?”

बानूबाई म्हणाल्या, “सही के बाद का है, साब.”

कॅप्टन असे हसले की बैल बुजले. खिशातून पेन काढलं, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि नुसतं नाव लिहिलं. “हुद्दा नंतर,” म्हणाले. पाटलांनी हात वर केला. गड्यांनी गंजीची एक बाजू उतरवली. कॅप्टननी हुद्दा लिहिला. दुसरी बाजू उतरली. कॅप्टननी तारीख लिहिली.

कडब्याखाली दारं होती! बराकींची, तबेल्याची, कोठीची, सगळी दारं ओळीनं आडवी टाकलेली. बानूबाईंनी जुडगा वाजवून मला दाखवला. दारं उचलली आणि खाली पक्की, गोल, काळ्या दगडात बांधलेली विहीर, आणि तिच्या तळाशी आभाळाचा तुकडा. पारवे एकदम वर आले. बानूबाईंच्या मागच्या दारासमोर रहाट होता. त्यावर माझ्या पेळूंचा पिळलेला दोर.

मी वाकून पाहत राहिले. इतके दिवस जिच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, ती ही.

पाटलांनी सही केली. अक्षर अप्पांसारखंच, झोकदार. मग सगळ्यांसमोर पहिली बादली ओढली. ती वर आली तेव्हा तिच्यात पाण्यावर माझा कुंचला तरंगत होता.

“हे काय?” कॅप्टननी विचारलं.

“सरकारी मालमत्ता आहे, सर,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

जाताना ते म्हणाले, “आमच्याकडं दोन देवळांत मिळून एक हत्ती आहे. असाच कागद असतो. फक्त हत्ती लपवता येत नाही.” अंतिम मंजुरी वरून यायची, पण त्यांची शिफारस झाली. ठेकेदार मोटारीत जाऊन बसला. पहार फटीतच राहिली होती, ती त्याच्या माणसानं धावत येऊन नेली.

कच्ची यादी दुरुस्त केली: ‘विहीर, एक, पक्की: आढळली. कडब्याखाली. पाणी गोड.’ का आढळली नव्हती त्याचं कारण सविस्तर लिहिलं, माझ्या बावळटपणासकट. नोकरी जायची तर जावो.

२८ मार्च, सोमवार

नोकरी गेली नाही. मंजुरी आली आहे, अर्थात ‘गोपनीय’ शिक्का मारून. मी ती चावडीवर मोठ्यानं वाचली. शाळा मोठ्या बराकीत, फळा पूर्वेच्या भिंतीला. नारायणरावांनी सापडलेल्या कुंचल्याचं नवं स्पष्टीकरण मागवलं आहे, कारण हरवल्याची नोंद आता चुकीची ठरते.

दगडवाडीत भलतंच सुरू झालंय. आज पाटील म्हणाले, “अक्का, चावडी बी मोजा की. आन् चिंच. दोन सह्यांची.” शेजारचा एक म्हातारा आपली म्हैस घेऊन उभा होता. लष्करी मिळकतीत म्हैस येत नाही हे त्याला समजावता समजावता दुपार झाली. बानूबाईंनी वेगळंच काढलं, “बेटी, अब सच्ची का चरखा ला दे. सब पूछते है, शरम आती.” अप्पांचा कडबा गाडीत भरून घरी आला, त्यात दोन पारव्यांची अंडी निघाली.

पाडवा उद्या-परवावर आला. रात्री जेवताना अप्पांनी घसा खाकरला. उमरग्याची मंडळी पुढच्या आठवड्यात येतायत म्हणाले.

मी म्हटलं, “येऊ देत.”

अव्वानं वाढता वाढता हात थांबवला. एवढं सरळ उत्तर तिला नको होतं.

“पण अप्पा, एकाच सहीचा कागद मी आता करत नाही. ते मला बघतील तसं मीही त्यांना बघणार. मुलानं चालून दाखवायचं, नाव सांगायचं, एखादं पान वाचायचं. पटलं तर दोन्हीकडून होकार, नाहीतर आमच्याकडून निरोप.”

अप्पांनी अव्वाकडं पाहिलं, मग खिडकीतून बाहेर बैलांकडं. पण बैल गोठ्यात होते. बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, “आन् कागुद कोन लिवनार?”

मी फीत गुंडाळत होते. म्हटलं, “लिहिणार मीच. पण सही आधी त्यांची.”